गुरुवारचा अर्धा तास

"तिला आजच कामावरून काढतोय," साहेब दुरुस्तीला आलेल्या घड्याळजींना म्हणाले. "आजोबांचं घड्याळ आहे हे. इतकी वर्षं मिनिटभर चुकलं नाही. आता दोन महिने झाले, दर गुरुवारी अर्धा तास मागे! आणि गुरुवारी पुसतं कोण? ही. धसमुसळी कुठली!"

मावशी दाराशी मान खाली घालून उभी होती.

"हिची लेक बाळंतीण आहे म्हणून दर गुरुवारी मी झोपतो तेवढ्या वेळात हिला तिकडे जाऊ देतो. चारच्या ठोक्यांना उठलो की चहा हवा, एवढंच मागतो. त्याची ही परतफेड!"

बावीस वर्षं या घरात राबलेली बाई, आणि तिच्या तोंडावर हे असलं बोलणं! घड्याळजींचं डोकंच फिरलं. माणसाने बोलावं तरी किती? त्यांनी रागारागाने त्या पुरुषभर उंच घड्याळाचं दार उघडलं.

आत बघून मात्र त्यांचा हात थबकला. पितळी चाकांचा एकेक दाता कानशीने घासलेला. अक्रोडाच्या पेटीत औषधाला खिळा नाही. कुणा कारागिराने जीव ओतला होता, आणि या गृहस्थांना ती पेटी धड भिंतीला आवळताही आली नव्हती.

"साहेब, इकडे या. रविवारी किल्ली देता ना? मग ही वजनं रोज थोडी खाली उतरतात. गुरुवारी लंबकाच्या बरोबरीला येतात. पेटी भिंतीला सैल, म्हणून वजनंही झुलायला लागतात आणि लंबकाचा जोर खातात. घड्याळ थांबतं. यात मावशीचा काय दोष?"

"असं होतं?"

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. चोर सोडून संन्याशाला फाशी! माफी मागा तिची."

साहेब घुटमळले. "बरं, चुकलं. राहा कामावर."

घड्याळजींनी दोन स्क्रू आवळले. "लाकूड जुनं आहे, बसायला वेळ लागेल. अजून तीन-चार महिने गुरुवारी मागे पडलं, तर हिच्या नावाने बोंब मारू नका."

मावशी जिन्यापर्यंत सोडायला आली. डोळे भरलेले. "लई उपकार झाले, दादा. त्या वजनांचं मला ठाऊकच नव्हतं."

घड्याळजींनी पायात चपला सरकवल्या.

"वजनांनी घड्याळ थांबतं, मावशी," ते हळूच म्हणाले. "पण थांबलेलं घड्याळ आपलं आपण परत चालू होत नाही."