१.४.३

"वंशावळीत प्रत्येक नावाशेजारी मुळापासूनची वाट लिहायची," आप्पा नातीला समजावत होते. "माझे आजोबा १, त्यांचे चौथे चिरंजीव, माझे वडील, १.४. आम्ही भावंडं १.४.१, १.४.२ अशी. आता १.४ शोध."

चार्वीने संगणकावर १.४ टाकून बटण दाबलं. क्षणात त्या शाखेतले त्रेपन्न जण पडद्यावर आले.

"भारीच! एकेकाला बाप कोण, विचारत बसायलाच नको." तिची नजर यादीवर फिरली. "पण आप्पा, तुम्ही १.४.२ आणि धाकटे आजोबा १.४.४. मधला १.४.३ कुणी खाल्ला?"

आप्पांचे कान तापले. बहिणीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिचं नाव त्यांनीच पुसलं होतं. बाकीच्यांचे क्रमांक तसेच ठेवले. नाहीतर धाकट्याच्या साऱ्या लेकरा-नातवंडांच्या वाटा बदलाव्या लागल्या असत्या.

"माझी बहीण. नलू," ते मान खाली घालून म्हणाले. "मीच काढलं तिला."

चार्वीने कीबोर्ड पुढे सरकवला. आप्पांनी नाव लिहिलं. कुणालाच हलवावं लागलं नाही. नलूची जागा रिकामीच राहिली होती.

"आता आत्याआजीची मुलं सांगा," चार्वी म्हणाली.

आप्पांना एकाचंही नाव माहीत नव्हतं.