चिंगीची शिकवणी

संध्याकाळी साडेपाचला रंगनाथनं दार आतून लावून घेतलं आणि मांजरीला समोर बसवलं. सहाला घरमालकीण नर्मदाबाई आपल्या भावाला घेऊन येणार होत्या. त्याआधी चिंगीनं एक शब्द विसरायला हवा होता आणि दुसरा शिकायला हवा होता. शिकवणी परवापासून चालू होती. ही शेवटची.

पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीवर त्याची येलदरीहून सेलूला बदली झाली होती. आडनाव कुठल्याही आळीत खपणारं, म्हणून इथं खोली मिळाली. नर्मदाबाईंनी जात विचारली नाही, वरची धरून चालल्या. रंगनाथनं त्यांना दुरुस्त केलं नाही. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत गेली. मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांच्या जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. आता खरं सांगायची सोय उरली नव्हती.

चिंगी येलदरीची. तिथं त्यानंच तिला हौसेनं शिकवलं होतं. 'जयभीम' म्हटलं की उजवा पंजा उचलायचा. परवा नर्मदाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. शब्द कानावर पडला नव्हता.

"मांजर नमस्कार करायलीय की तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या दिनकररावाला दाखवा. त्याला असलं लय आवडतं."

दिनकरराव गावातल्या नामांतरविरोधी सभेत पुढच्या रांगेला असायचे.

"राम राम," रंगनाथ म्हणाला. चिंगीनं पंजा उचलला. त्यानं तिला दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा दिला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "जयभीम." तिनं पुन्हा पंजा उचलला. त्यानं तुकडा मुठीत झाकला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, पंजा तसाच धरून. मग हळूच खाली ठेवला. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी त्या शब्दाला तिनं कान हलवले, पंजा हलवला नाही.

"जमलं," तो म्हणाला. "लवकर शिकली."

"पोटासाठी शिकली," चुलीपुढून सगुणा म्हणाली. "तिला काय बोल लावायचा?"

"मग कुणाला लावायलीस?"

"कुणाला न्हाई. मामांचा काही निरोप आला का, तेवढं बघा."

मामा म्हणजे तिचे सासरे, सिताराम. ते पिंगळीजवळच्या गावात एकटेच होते. रंगनाथनं उठून दार उघडलं.

दिनकरराव अंगणातल्या बाजेवर ऐसपैस बसले. रंगनाथ बाजेच्या कडेला टेकला. नर्मदाबाई जोत्यावर. "राम राम," रंगनाथ म्हणाला, आणि चिंगीनं पंजा उचलला. दिनकरराव मांडीवर थाप मारून हसले.

"ताई, माणसापरीस मांजर बरं गं. सांगितलेलं ऐकतं तरी." मग ते पुढं वाकले. "बघू, हिला जयभीम म्हणल्यावर काय करती. ए बये, जयभीम."

चिंगी बसून राहिली.

"आपल्यातली हाय," दिनकरराव म्हणाले. सगळे हसले. रंगनाथही हसला.

फाटक वाजलं. सिताराम आत आला. पायात काही नव्हतं, काखेत एक बोचकं होतं. पोराला पाहून त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं बोचकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"जयभीम."

हसणं थांबलं. दिनकररावांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग रंगनाथकडे.

"राम राम," रंगनाथ म्हणाला.

चिंगीनं पंजा उचलला. तिला कुणी काही दिलं नाही.

सितारामनं बाजेवरच्या पाहुण्याला नीट निरखलं, पुन्हा एकदा पोराकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

"चुकलं जनू, मालक," तो म्हणाला. "मला वाटलं माझ्या पोराचं घर हाय."

तो बोचकं उचलून वळला. धोतराचा मागचा काठ जळून काळा पडला होता. दारात उभ्या सगुणाला तो जळका काठ दिसला. तिनं पाण्याचा तांब्या घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि बाजेच्या पुढ्यातून सरळ चालत गेली.

"मामा, थांबा," ती म्हणाली. आवाज सगळ्या अंगणात गेला. "पाणी घ्या आधी."

"मामा?" दिनकरराव म्हणाले.

नर्मदाबाई जोत्यावरून उठल्या. "रंगनाथराव, कोण हो ते?"

सव्वासहाला सगुणा आणि सिताराम फाटकाबाहेर रस्त्यात उभे होते. नर्मदाबाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. रंगनाथ बाजेच्या कडेला बसलेला होता.