अजून तयारी नाही

"म्हणजे तुमच्या खात्याची तयारी आहे," तेजस्विनी म्हणाली.

"एकदम तयार," रहेमानचाचा म्हणाले. "उद्या सुरू करा म्हणालात, तर उद्या."

अंबडच्या त्या पंपांच्या कारखान्यात हिशेबाचं सगळं काम नव्या सिस्टीमवर न्यायचं घाटत होतं. कंपनीला ते झेपेल का, हे तपासायला मालक महेशशेठनी तेजस्विनीला बोलावलं होतं. आणि तिथलं हिशेब खातं म्हणजे रहेमानचाचा. मोठ्या शेठच्या काळापासून तेच.

तिने खोदून विचारलं. जुनी बिलं कॉम्प्युटरवर चढवली का?

"चढवली."

हाताखालच्या मुलींना बँकेचं काम जमतं?

"माझ्यापेक्षा छान जमतं, मॅडम."

तुमच्यावाचून काय अडेल?

"काहीच नाही."

उत्तरं फार झटपट येत होती. घाबरलेली माणसं अशीच बोलतात, हे तिला ठाऊक होतं. तिचे अण्णा असेच बोलले होते.

अण्णा नाशिकरोडला एका कंपनीत हिशेबनीस होते. कॉम्प्युटर यायचे होते तेव्हा असंच कुणीतरी बाहेरून तपासायला आलं. "सगळं जमेल, साहेब," असं अण्णा हसतमुखाने सांगून आले आणि तो पावसाळा सरायच्या आत घरी बसले. तरी रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसायचे. कुणी हटकलं की म्हणायचे, "निघतोच आहे."

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठल्या ऑफिसात पांढऱ्या शर्टातला वयस्क माणूस पाठमोरा दिसला की तेजस्विनीचा पाय अडखळायचा.

रहेमानचाचा बोलता बोलता खिडकीबाहेर बघत होते. "मग होईल ना लवकर?" त्यांनी जाताना पुन्हा विचारलं. किती धीर गोळा करून विचारतायत, तिला वाटलं.

अहवालात तिने खोटं काही लिहिलं नाही. उणिवा तेवढ्या ठळक केल्या. कंपनीची अजून तयारी नाही, बदल तीन वर्षांनी करावा, तोवर रहेमान यांना हलवू नये.

महेशशेठनी वाचून मान डोलावली. "तुम्ही म्हणता तर थांबू या. चाचांसारखा माणूस तरी कुठे मिळतो?"

तिला अण्णांची फार आठवण आली. त्यांच्यासाठी तेव्हा कुणी एवढं केलं असतं तर!

चाचांना सांगायला ती स्वतःच गेली.

"चाचा, काळजी मिटली. तीन वर्षं तुमच्या खुर्चीला कुणी हात लावणार नाही."

उभे होते ते रहेमानचाचा खाली बसले.

"तीन वर्षं?"

"हो. शेठनी मंजूरही केलं."

मग तिला वाईट वाटू नये अशा बेताने, हलकेच म्हणाले, "तू भल्यासाठीच केलंस, बेटा. मोठ्या शेठना त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी जबान दिली होती, नवीन व्यवस्था लावून दिल्याशिवाय कारखाना सोडणार नाही. म्हणून घाई करत होतो. इगतपुरीला माझी बायको असते, सुरय्या. हल्ली तिला विसर पडतो. दुपारपर्यंत बरी असते. रहेमान कुठे गेला, म्हणून घरभर शोधते. संध्याकाळच्या गाडीने मी पोचतो, तेव्हा मला विचारते, 'कोण हवंय आपल्याला?'"