मनोऱ्याची किल्ली

“वर जाता येतं का?” मनोऱ्याच्या दाराकडे बघत बाईनं विचारलं.

चर्चचा राखणदार जोतीराम त्या दाराशीच उभा होता, किल्ली हातात घेऊन. त्यानं ती झटकन खिशात टाकली. “न्हाय. बंद हाय ते.”

बाई तिशीच्या आसपासची. हातात पिशवी नाही, केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले. मंगळवारी भरदुपारी इथं कुणी येत नाही, आणि आलंच तर आधी मनोऱ्याचं विचारत नाही. बावीस वर्षं राखणदारी केलेल्या माणसाला एवढं कळत होतं. ही वर गेली तर जिन्यानं खाली येणार नाही.

“कुठली तू पोरी?”

“गडमुडशिंगीची.”

“नाव काय?”

“वरनं सगळं कोल्हापूर दिसत असंल न्हवं?”

पास्टरसाहेब सकाळीच मिरजेला गेले होते. आरडाओरडा करावा तर ही बिथरायची. हिला बोलण्यात गुंतवायचं, त्यानं ठरवलं.

“वर नुसती कबुतरांची घाण हाय. बघायसारखं सगळं खालीच. चल, दावतो.”

एरवी आलेल्या माणसाला तो दहा मिनिटांत वाटेला लावायचा. आज त्यानं काही म्हणता काही सोडलं नाही. काळ्या दगडाचे खांब उंच जाऊन टोकदार कमानीत कसे मिळतात ते दाखवलं. वेदीमागच्या रंगीत काचेत कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ होता, त्याचा लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता. मग त्यानं तिला पितळी गरुडापाशी नेलं. त्याच्या पसरलेल्या पंखांवर बायबल ठेवतात.

“एवढा लख्ख कोण ठेवतं?”

“अंबूबाई ठेवायची. माझी बायको. दर शनवारी चिंच लावून घासायची.” त्यानं गरुडाच्या पंखावरून हात फिरवला. “दिवाळीत गेली. आता मी घासतो, पर तसं निघत न्हाय.”

“आज काय हाय काका? नवा सदरा घातलाय.”

“नाताळचा हाय. घातला असाच.”

“अन् घरात कोण असतं?”

“कोण असणार? मी.”

ती विचारत राहिली आणि तो सांगत सुटला. हिला थांबवायचं म्हणून सुरू केलेलं बोलणं त्याला स्वतःला थांबवता येईना. मुलगा सम्राट पुण्यात. बाहेरची मुलगी केली म्हणून चार वर्षं बोलणं बंद.

“सुनंचं तोंड बघितलं न्हाय मी. आईच्या मातीला यायचं तर एकटा ये, असा निरोप धाडला. एकटाच आला.”

“आता बघणार तोंड?”

“आता काय उपेग. सकाळी फोन केला त्याला. माझं चुकलं असंल तर माफ कर म्हणालो, अन् ठेवला.”

बाई बाकावर बसली. पदर तोंडाशी धरून ती हुंदके आवरत होती. जोतीरामाला स्वतःचाच राग आला. आधीच खचलेल्या बाईला आपण आपलं रडगाणं ऐकवत बसलो. आपण कुणाच्याच कामाचे उरलो नाही, असं त्याला वाटलं.

“ऊठ. चांदी दावतो. ती कुणाला दावत न्हाय.”

आतल्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिला दोन कुलपं, एकाची किल्ली पास्टरसाहेबांकडे, दुसऱ्याची जोतीरामाकडे. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा इंग्रजांच्या वेळचा नियम. आज चांदी घासायची म्हणून साहेब आपलं कुलूप काढून गेले होते. टेबलावर प्रभुभोजनाचा प्याला आणि तबक चकचकत होतं.

तिनं प्याला दोन्ही हातांनी उचलला. “ह्यातनं सगळे पितात?”

“सगळे. एकाच प्याल्यातनं.”

“बाहेरचं कोण आलं तर?”

तो तबक उगाच पुसू लागला. प्याला खाली ठेवून ती म्हणाली, “काका, एकदा वर न्या की मला. किल्ली हाय तुमच्याजवळ.”

जोतीरामानं खिशातली किल्ली काढली. क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग किल्ली पेटीच्या तळाशी टाकली, वर तबक आणि प्याला ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही कुलपं दाबून बंद केली.

“झालं. आता पास्टरसाहेब उद्या येस्तवर मलाबी ती मिळायची न्हाय.”

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला हायसं वाटलं. पाठोपाठ इतकं रिकामं वाटलं की त्यानं भिंतीला हात टेकला.

“बस हितंच. गेटावरनं च्या आणतो. कुठं जाऊ नगं.”

“न्हाय जात.”

त्याची पावलं लांब गेली तशी तिनं कमरेला खोचलेला मोबाइल काढला.

“सम्राट, कुठवर आलास? तुझा संशय खरा होता. मी माहेरातनं धावत आले तवा ते किल्ली घेऊन दारातच हुबे होते. आता त्यांना वर जाता यायचं न्हाय, त्यांनी स्वतःच ती पेटीत घालून कुलपं लावली. तू गाडी सावकाश चालव. मामंजी माझ्यासाठी च्या आणाय गेल्यात.”