भट्टीतली ठिणगी

“मॅडम, याच्या घणाला तरी आवाज आहे, याच्या तोंडाला नाही!” शिवणकाम करणारी बायको समुपदेशिकेला म्हणाली. तिचा धिप्पाड लोहार नवरा मान खाली घालून हसला. “बरं, एकमेकांचा हात धरा,” मॅडम म्हणाल्या. बायकोने झटकन हात पुढे केला, तोच त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाही घसरली. कोपराखाली भाजल्याचा डाग होता, इस्त्रीच्या टोकासारखा निमुळता. “ठिणगी उडाली हो, भट्टीचं कामच तसं,” तो म्हणाला. “ठिणगी नाही,” बायको पुटपुटली. “माझी इस्त्री. कातडीचा वास येईपर्यंत दाबून धरली मी.” तिने आपले हात मांड्यांखाली कोंबले. “बोल आता. देवाशपथ, हात उचलणार नाही.” त्याने हळूहळू हात खाली घेतले. “फार दुखतं गं. मी आजपासून बहिणीकडे राहतो.” तो उठला. तिचा जीव तुटला, पण हात मांड्यांखालीच राहिले.