परदेशात गायलेली अंगाई

“वहिनी, तुझी आण. ही अंगाई माझ्या ओठांबाहेर जायची नाही,” असं तरणेपणी नणंद गळ्यात पडून म्हणाली होती. तो ओला आवाज गोजराबाईंच्या कानात अजून होता.

आज तीच नणंद, सरू, टीव्हीवर, परदेशातल्या गीतमहोत्सवात, “आमच्या आईची अंगाई,” असं सांगून ढोलकीवर हसत गात होती,

‘नीज लेकी नीज, मऊ मातीची गं शेज.’

देशोदेशीची माणसं टाळ्यांचा ठेका धरत होती. “इथे स्पर्धा नाही, म्हणून कुणी हरत नाही,” निवेदिका म्हणाली.

“सरूआत्यांनी घराचं नाव काढलं! तुम्ही का हो गप्प, सासूबाई?” सुनेने विचारलं.

गोजराबाईंनी तोंडावरचा पदर काढला. “अंगाई माझी आहे गं. तुझ्या नवऱ्याआधी मला लेक होती. तिला पुरून आले, तेव्हा रचली.”