स्वागताची रंगीत तालीम

“हसा, पण दात दिसता कामा नयेत!” सुभेदारसाहेब ओरडले. दारूगोळ्याच्या डेपोत आम्ही अकरा सिव्हिलियन नव्याने रुजू झालो होतो आणि खुद्द कर्नलसाहेब आमचं स्वागत करणार होते. म्हणून तीन दिवस आम्ही स्वागत करून घ्यायचा सराव करत होतो. कामाचं काय, ते नंतरही शिकता येतं.

शंका विचारायचीही मुभा होती. शंका एकच, आणि ती चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिली होती: “साहेब, घरी जायची बस किती वाजता सुटते?” उत्तराची चिठ्ठी कर्नलसाहेबांकडे पोचली होती. मी नवऱ्याच्या जागेवर लागलेली बाई. सांगितलं तेवढंच निमूट बोलेन, असा सगळ्यांचा माझ्यावर विश्वास.

चौथ्या दिवशी कर्नलसाहेब आले. गुलाबाची फुलं झाली, “तुम्ही आता आमच्या कुटुंबातले” झालं. सुभेदारसाहेबांनी डोळ्यांनी खुणावल्यावर मी उठले. चिठ्ठी मुठीत चुरगळली.

“साहेब, चौदा नंबरच्या शेडला आग लागली तेव्हा नळाला पाणी नव्हतं. माझे मिस्टर त्यात गेले. उद्यापासून माझी ड्युटी तिथेच आहे. आता तरी पाणी येतं का?”

सुभेदारसाहेब पांढरेफटक पडले. कर्नलसाहेब मात्र प्रसन्न हसले, दात न दाखवता. मग खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी वाचलं, “उत्तम प्रश्न! बस बरोबर साडेपाचला सुटते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन दिवसांचा सराव होता. मीही वाजवल्या.